सुवर्णाचा ‘अ’

११ जानेवारी

चिखलीहून परत येताना बसमध्येच ठरवलं की हे सगळं लिहून ठेवायचं. कृषी केंद्रवाल्यानं दिलेली डायरी कोरीच पडली होती. बायकोला, सोजराला, सांगितलं, तर म्हणाली, “लिवा. फक्त मले वाचून दाखवू नका म्हणजे झालं.”

आज सुवर्णाचं सहावं गाणं भरून झालं. माझ्या ‘झुंजुरका कॅसेट’ कंपनीचा हा बहात्तरावा अल्बम. सात वर्षं मी काहीच काढलं नव्हतं. कॅसेट गेली, सीडी गेली, मी मात्र दुकानाची पाटी काढली नाही. लोक विचारायचे, “माणिकराव, आता काय विकता?” मी म्हणायचो, “वाट पाहतो.”

ही पोरगी आली आणि वाट पाहिल्याचं सार्थक झालं. सुवर्णा आमच्या दुसरबीडजवळच्या वाडीतली, एकोणतीस वर्षांची. खाजगी शाळेत पहिलीच्या पोरांना शिकवते. तिच्या आजीनं साठाव्या वर्षी अक्षर गिरवलं होतं, भिंतीवर, चुलीतल्या कोळशानं. त्यावर तिनंच गाणं बांधलंय.

भितीवर कोयशानं लिवला अ,
माह्या आजीनं लिवला अ…

शेवटच्या ‘अ’वर ती आवाज इतका लांबवते की आता दम तुटतो की काय असं वाटतं. मग तो हळूच खाली उतरतो, म्हाताऱ्या माणसानं ओट्यावरून पाय टेकवावा तसा. रेकॉर्डिंगवाल्या धम्मरत्ननं कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बावीस वर्षं झाली, माझी सगळी गाणी त्याच्याच खोलीत भरतात. कोणतं वाद्य मागं ठेवायचं, कोणतं पुढं, त्याला सांगावं लागत नाही. शेवटी एवढंच म्हणाला, “दादा, ह्याले मी जास्त वाद्यं लावत नाई. नुसता तंबोरा आन् ढोलकी.”

धंदा मला नवा नाही. १९९१ साली स्टँडवर टपरी टाकली तेव्हा माझ्याकडे दोन कप्प्यांचा टेप होता. एका कप्प्यात मुंबईच्या कंपनीची कॅसेट, दुसऱ्यात कोरी. लोक चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायचे, मी भरून द्यायचो. ह्या भागात भीमगीतं घरोघर पोचवली ती मी, हे आजही छाती ठोकून सांगतो. मग वाटलं, आपल्याच गावची माणसं एवढी गातात तर त्यांचीच काढू. तिथून झुंजुरका सुरू झाली.

१२ जानेवारी

धम्मरत्ननं पेनड्राइव्ह दिला होता, पण माझ्या फोनमध्ये तो लागत नाही. स्टँडवरच्या मोतीरामच्या मोबाइल दुकानात गेलो. त्यानं कॉम्प्युटरला लावून सहाही गाणी माझ्या फोनमध्ये घातली. वर ‘माणिकमामा दुसरबीड’ असं नावही टाकून दिलं, म्हणजे मला सापडावं. काही घेतलं नाही. भला माणूस. म्हणाला, “मामा, आवाज खतरनाक हाये हो बाईचा.” अभिमान वाटला.

सोजरानं ‘लिवला अ’ तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावू का म्हटलं तर डोळे पुसत आत गेली.

२९ जानेवारी

आज सुवर्णा घरी आली होती. ती, सोजरा आणि मी, तिघांनी बसून ठरवलं. गाणी एक एप्रिलला इंटरनेटवर आमच्या चॅनलवर टाकायची. चौदा एप्रिलपर्यंत लोकांच्या ओठावर बसतील. जयंतीच्या कार्यक्रमाला सुवर्णा स्वतः गाईल. तिथून पुढच्या वर्षीची बोलावणी येतील.

तिनं विचारलं, “मामा, तोपर्यंत कोणाले पाठवू नको ना?”

“कोणालेच नाई,” मी म्हटलं. “आईलेबी नाई. गाणं एकदा हातातून सुटलं का कोंबडीसारखं, गावभर पळते.”

ती हसली. म्हणाली, शाळेतल्या पोरांना ‘अ’ शिकवताना हेच गाणं म्हणते, तेवढं चालेल ना? तेवढं चालेल म्हटलं.

१६ फेब्रुवारी

आज अक्षर नीट येत नाही.

हिवरा आश्रमला सोजराच्या भाच्याचं लग्न होतं. दुपारची वरात. गाडीवर कपाटाएवढे स्पीकर. मी मांडवात पाणी पीत होतो आणि ऐकू आलं, “भितीवर कोयशानं…” सुवर्णाचा आवाज. खोटं कशाला लिहू, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. वाटलं, वा, वाजून राह्यलं आपलं गाणं!

मग ढोल पडला. आजी गेली, भिंत गेली, कोळसा गेला. उरला फक्त ‘अ’. तो कापून, तोडून, पुन्हा पुन्हा लावलेला. अ… अ… अ… बाई कण्हते तसा. आणि मधूनच एक पुरुषी आवाज ओरडत होता, “डीजे हर्षल, धामणगाव!” पोरं कंबर हलवून नाचत होती, ‘अ’वर डोळे मिटून चाळे करत होती. एकानं दुसऱ्याला मागून धरलं आणि सगळे हसले.

मी गाडीपाशी गेलो, म्हटलं बंद करा. नाचणाऱ्यांतला एक म्हणाला, “काऊन बे बाबा? जमत नसन त कान झाक.”

सोजरानं मला हाताला धरून नेलं. 

१७ फेब्रुवारी

सुवर्णाला फोन केला. सांगायला शब्द जुळवत होतो, तर तीच म्हणाली, “मले मालूम हाये, मामा. चार दिवस झाले. भावाच्या फोनवर आलं.”

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“तुमाले काय सांगू? तुमीच कोणाले देलं असन, असं वाटून राह्यलं होतं.”

मी शपथ घेतली. माझ्या घरातून गाणं बाहेर गेलेलं नाही, हे तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, “मंग धम्मादादा?”

त्याचं नाव माझ्या मनात नव्हतं. पण एकदा निघालं आणि मग जाईना. तिच्याशिवाय गाणी दोघांकडेच होती, माझ्याकडे आणि त्याच्याकडे.

१८ फेब्रुवारी

चिखलीला गेलो. नीट विचारायचं असं ठरवून गेलो होतो, आणि दारातच ओरडलो. बावीस वर्षांत त्याला कधी ‘अबे’ म्हटलं नव्हतं, ते आज म्हटलं. त्याच्याकडे गाणं भरायला आलेली दोन माणसं बसली होती, त्यांच्यासमोर.

धम्मरत्न खुर्चीतून उठला नाही. म्हणाला, “दादा, तुमाले खरंच वाटते का मी असं करीन?”

“मंग कोण? भूत करते का?”

“बसा. पानी प्या. मंग बोलू.”

मी बसलो नाही. आलेल्या माणसांना म्हटलं, “इथं गाणं भरू नका, उद्या बाजारात सापडन.” ते खरोखरच उठून गेले.

२० फेब्रुवारी

सोजरा जेवण वाढते आणि जाते. आज एवढंच म्हणाली, “धम्मानं तुमच्या आजारपनात आठ दिवस दवाखान्यात काढले. माणूस वळखाले बावीस वर्स कमी पडले का?”

बायकांना धंद्यातलं काय कळतं.

२६ फेब्रुवारी

सुवर्णाच्या शाळेतून बोलावणं आलं म्हणून तिच्यासोबत गेलो. वडील नाहीत तिला, भाऊ यायला तयार नव्हता. गाणं ती वर्गात म्हणायची, म्हणून पोरांनी आवाज ओळखला. नववी-दहावीची पोरं पहिलीच्या वर्गाच्या खिडकीत येऊन उभी राहतात. ती फळ्याकडे वळली की बाहेरून “अ… अ…” सुरू. काल तर तिच्या वर्गातली सहा वर्षांची लेकरंही तसंच करायला लागली. त्यांना अर्थ कळत नाही, मोठी पोरं करतात म्हणून करतात.

मुख्याध्यापक सज्जन माणूस आहे, वाईट काही बोलला नाही. म्हणाला, “म्याडम, थोडे दिवस सुट्टी घ्या. हे थंड होऊ द्या.”

“सर, सुट्टी त्या पोराईले द्या ना,” सुवर्णा म्हणाली.

तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “मामा, मी अजून वर्गात जातेच हाये. पण फळ्यावर ते अक्षर लिवता येत नाई मले. मी ‘आ’ पासून सुरू करते.”



४ मार्च

एप्रिलची वाट पाहण्यात अर्थ नाही. खरं गाणं लोकांपुढे यायलाच पाहिजे. आज आमच्या चॅनलवर ‘लिवला अ’ टाकलं. खाली मोठ्या अक्षरात, गीत, चाल आणि आवाज सुवर्णाचा. पुतण्यानं बटण दाबलं तेव्हा सोजरानं सगळ्यांना खोबरं वाटलं. लोकांना खरं-खोटं कळतंच. सोनं आणि पितळ शेजारी ठेवलं की झालं.

९ मार्च

आमचं गाणं चॅनलवरून उडालं. इंटरनेटवरच्या कंपनीचा संदेश आला, तो पुतण्यानं वाचून समजावला. ह्या गाण्याचा आवाज आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर नोंदलेला आहे आणि आम्ही त्यांचा माल चोरला आहे. तो दुसरा कोण, कुठला, काही पत्ता नाही. नुसतं इंग्रजी नाव. कोणीतरी ती नाचाची आवृत्ती स्वतःची म्हणून फेब्रुवारीतच नोंदवून ठेवली.

पुतण्या म्हणतो, अर्ज करता येतो, पण पुरावा लागेल. मी म्हटलं, पुरावा वाडीत बसलाय ना, जिवंत! त्यावर तो म्हणाला, “काका, तसा पुरावा अपलोड होत नाई.”

बहात्तर अल्बम काढले मी. आणि मी चोर.

सुवर्णाला सांगायची हिंमत झाली नाही. तिला परस्परच कळलं असणार. संध्याकाळपासून तिचा फोन बंद आहे. तिच्या भावाला विचारलं तर म्हणाला, घरात आहे, दार लावून बसली आहे, जेवली नाही.

१४ मार्च

धामणगाव बढेला जाऊन आलो. चिखली, बुलढाणा, मोताळा, तीन बस बदलून. पिशवीत काठी घेतली होती. एकोणसाठ वर्षांचा माणूस काठी घेऊन कोणाला मारायला जातो, हे लिहितानाही लाज वाटते, पण घेतली होती.

हर्षलचं घर सापडायला वेळ लागला नाही, दारात स्पीकरची थप्पी. तिशीचा गडी, दाढी राखलेली, बनियनवर होता. मी नाव सांगितलं, झुंजुरकाचा माणिकराव. तो एकदम खाली वाकला आणि माझ्या पायाला हात लावला. मी काय करणार?

“मामा, तुमी? बसा ना. ए, च्या टाक,” त्यानं आत बायकोला सांगितलं.

मी उभ्यानंच सगळं ऐकवलं. शाळा, खिडकी, फळा, सगळं. त्याचा चेहरा उतरला. ‘अ’ फळ्यावर लिहिता येत नाही हे ऐकलं तेव्हा त्याची बायको दारात येऊन उभी होती, ती नवऱ्याकडे पाहतच राहिली.

“मामा, इमानदारीनं सांगतो,” हर्षल म्हणाला. “मले वाटलं जुनं गाणं असन. फाइलवर बाईचं नावच नव्हतं. ‘अ’ लंबा होता, बीटवर बसला. माह्या डोक्यात तसलं काई नव्हतं. पोरं नाचली, म्या सोडून देलं गुरूपवर.”

“आता काढून टाक.”

“काढतो. तुमच्यासमोर काढतो.” त्यानं काढलंही. मग हळूच म्हणाला, “पन मामा, कुठून कुठून काढसान? माह्याच फाइलवर अजून लोकाईनं दहा-बारा बनोले. ते त मलेबी सापडत नाई. आन् तो नोंदनीवाला कोन, देवाशपथ मले मालूम नाई.”

“तुले कोणी देलं?”

त्यानं फोन पुढे केला. मोबाइल दुकानवाल्यांचा आणि डीजेवाल्यांचा ग्रुप. तारीख बारा जानेवारी. पाठवणारा, मोतीराम मोबाइल. गाण्यांच्या वर नाव, ‘माणिकमामा दुसरबीड’.

मी तिथंच स्पीकरवर बसलो.

चहा कधी आला, कधी प्यालो, आठवत नाही. निघताना तो म्हणाला, “एक ऐकवू का?” आणि कॉम्प्युटरवर काहीतरी लावलं. कडूबाचा आवाज! आमचा पहिला गायक, वारला त्याला वीस वर्षं झाली. त्याची मूळ टेप माझ्याकडेसुद्धा नाही. अठ्ठ्याण्णवला टेपचा तुटवडा होता, तेव्हा मी तिच्यावरच लग्नाची गाणी भरली होती. हर्षलच्या बापानं माझ्या टपरीवरून नेलेली कॅसेट त्यानं जपून कॉम्प्युटरात घेतली होती. म्हणाला, “बाबा सांगे, तुमी दुसऱ्या कंपन्याईचे गाणेबी मस्त भरून द्याचे.”

ते वेगळं होतं, मी म्हटलं. तेव्हा गाणी मिळायचीच नाहीत लोकांना.

“हाव मामा,” तो म्हणाला.

कडूबाची गाणी मी त्याच्याकडून पेनड्राइव्हमध्ये भरून घेतली. काठी तिथंच राहिली.

१६ मार्च

मोतीरामच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “मामा, म्या विकलं थोडीच? चांगलं वाटलं म्हणून टाकलं. आन् गाजलंच ना गानं!” त्याच्या चेहऱ्यावर खरोखर काही पाप नव्हतं. शिव्या तोंडात आल्या आणि तिथंच विरल्या. पेनड्राइव्ह त्याच्या हातात कोणी दिला?

१९ मार्च

चिखली. धम्मरत्नच्या पाया पडायला वाकलो, त्यानं मधेच धरलं. चहा दिला. त्याच्या खोलीत कोणी नव्हतं. पूर्वी नंबर लागायचा.

“माफ केलं, दादा. खरंच केलं,” तो म्हणाला. “पन तुमी बोलले ते इथं फिरलं. मांगच्या महिन्यात तीन जनं आले आन् विचारून गेले, गानं बाहीर तर जात नाई ना? आता मशीन इकतो मी. भावाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसतो.”

मी म्हटलं, मी घरोघर जाऊन सांगतो की चूक माझी होती.

“सांगा. पन तेबी असं फिरन का?”

२१ मार्च

सुवर्णाकडे गेलो. तिला सगळं सांगितलं. पेनड्राइव्ह, मोतीराम, बारा जानेवारी. काही लपवलं नाही. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही.

“मी कोणाले पाठवलं नाई, आईले पन नाई,” ती म्हणाली. “मैत्रिनी मांगत होत्या, तरी नाई.”

“माह्या अडाणीपणानं…”

“मामा, तुमी सांगाले आले, बरं केलं. पन आता मी राग कोणाचा करू? धम्मादादाचा होता तवा सोपं होतं. त्या डीजेवाल्यानं पाय धरले म्हनता. मोतीरामले गानं आवडलं म्हनता. तुमी त माहे मामा. कोनीच वाईट नाई. मंग हे कोनं केलं माह्यासंग?”

 तिनं सूप झटकलं आणि आत गेली. बराच वेळ ओसरीवर बसून राहिलो. कोणी बाहेर आलं नाही.

२ एप्रिल

पुतण्यानं केलेला अर्ज इंटरनेटवरच्या कंपनीनं फेटाळला. बाकीची पाच गाणी टाकायची नाहीत असं सुवर्णानं भावाकडून कळवलं. दुकानाची पाटी उतरवली. स्क्रू गंजले होते, सोजरानं खालून शिडी धरली.

१० एप्रिल

जयंती कमिटीची माणसं आली. सुवर्णानं गावं, पण तेच गाणं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ती गाणार नाही. मागून सुवर्णाचा आवाज आला, सोजराकडे आली होती ती. “गाईन. जसं हाये तसं गाईन. तंबोरा आन् ढोलकी, बस.”

१५ एप्रिल

काल संध्याकाळी सहाला कार्यक्रम. सुवर्णा पांढरी साडी नेसून आली होती. धम्मरत्न चिखलीहून आला आणि न सांगता माइकच्या वायरी लावत बसला. मला पाहून मान हलवली.

तिनं सुरू केलं. समोरच्या बाया एकदम गप्प झाल्या. पहिलं कडवं झालं, ‘अ’ आला, लांब, जसा जानेवारीत होता तसा. माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, झालं, जिंकली पोरगी.

मागून कोणीतरी ओरडलं, “अवो बाई, हे कायले? ओरिजनल लावा ना!”

मग दहा जणांनी धरलं. ओरिजनल, ओरिजनल. मिरवणुकीची गाडी तिथंच उभी होती, गाडीवाल्यानं ते नाचाचं लावलं. कण्हणारा ‘अ’ आणि ढोल. मंडपातले निम्मे उठून तिकडे पळाले. मी माइक घ्यायला स्टेजवर चढलो, ओरडून सांगणार होतो की अरे, हीच ती! सुवर्णानं माझा दंड धरला. “नका सांगू,” म्हणाली. “सांगितलं त हे पोरंबी माह्याकडं कसे पाहतीन?”

गाडी चार मिनिटं वाजली. ती तेवढा वेळ स्टेजवर माइक खाली धरून उभी राहिली. हलली नाही. गाडी पुढे गेल्यावर तिनं दुसरं कडवं घेतलं, तिसरं घेतलं, गाणं पुरं केलं. समोर वीस-पंचवीस बाया उरल्या होत्या. धम्मरत्न मशीनवर मान खाली घालून बसला होता.

आज सकाळी तिचा भाऊ सांगून गेला की जूनपासून शाळेत येऊ नका असं पत्र आलं आहे. ती मावशीकडे जालन्याला जाईल. गाण्याचं त्यानं काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कालची एक गोष्ट लिहायची राहिली. स्टेजवरून उतरल्यावर ती पाणी पीत होती, तेव्हा एक म्हातारी काठी टेकत आली आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “लय गोड गायली व माय. हुबेहूब त्या गान्यातल्या बाईसारखा आवाज हाये तुहा.”

सुवर्णानं ग्लास खाली ठेवला.

“हाव आजी,” ती म्हणाली. “लोकं म्हनतात तसं.”